डोक्याला भोक न पाडणाऱ्या गोतमारे मॅडम

नागपुरात सदर भागातल्या सिग्नलला लाल दिवा लागला की गोतमारे मॅडम स्कूटरवरून मान वळवून शेजारच्याचं डोकं बघायच्या. हेल्मेट नसलं की सरळ विचारायच्या, "काय गा, नाव काय तुझं?" पोरगं बावचळून नाव सांगायचं. मग पुढचा प्रश्न, "आन् रक्तगट?" तो म्हणायचा, "काहून मॅडम?" तर म्हणायच्या, "काही नाही. आमच्याकडे येशील तेव्हा तुले बोलता येणार नाही. म्हणून आजच विचारून ठेवते." दिवा हिरवा झाला की निघाल्या. मागच्या सीटवर ओढणी तोंडावर घेऊन मी बसलेली असायची, लाजेनं अर्धमेली. एकदा तर पोराला पुढे बसवून निघालेल्या एका बापाचंच डोकं उघडं निघालं, त्यालाही सोडलं नाही बाईनं.

मी निमजे सिस्टर. नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत बरीच वर्षं नोकरी केली. आमच्याकडे डोक्याला मार लागलेले पेशंट यायचे, बाकी कोणी नाही. त्यातली अकरा वर्षं मॅडमच्या हाताखाली गेली. मॅडम काटोलकडच्या, शिक्षणानं भूलतज्ज्ञ आणि आमच्या आयसीयूच्या प्रमुख. उंची इतकी बेताची, की पेशंटच्या उशाशी उभं राहायला त्यांनी घरून एक लाकडी पाट आणला होता. एका पलंगापासून दुसऱ्या पलंगापर्यंत तो पाट पायानंच सरकवत त्यांचा राउंड चालायचा. मनगटावर पुरुषाचं घड्याळ, ॲप्रनच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात फुटाणे. घाईत फुटाण्यांऐवजी टॉर्च तोंडाशी नेताना मी त्यांना स्वतः पाहिलंय.

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. डोक्याच्या पेशंटच्या डोळ्यातल्या बाहुल्या तासातासाला टॉर्च मारून बघाव्या लागतात. आत मेंदू सुजला, दाब वाढला की बाहुली मोठी होते, प्रकाशाला आखडत नाही. मी आपलं चार्टवर लिहिलं, 'पूर्वीप्रमाणेच'. सगळीकडे असंच लिहितात. मॅडमनी मला बोलावलं.

"निमजे, हे तू पाहिलं का तुले वाटलं?"

"पाहिलं ना मॅडम."

"मग किती मिलिमीटर?"

आता मी काय सांगणार! त्यांनी चार्ट पुढे केला आणि म्हणाल्या, "जेवढी दिसली तेवढं गोल काढ. वाटलेलं घरी ठेवून येत जा." सगळ्या स्टाफसमोर! घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ही बाई डोक्यावर पडलेली आहे, पुढच्या महिन्यात मी राजीनामा देते. नवरा म्हणाला, बरं. त्यानंतर तो दर महिन्याला विचारायचा, दिला का, आणि मी चिडायचे.

ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी, अशा दोघी सिस्टरांनी एकाच टॉर्चनं, एकाच वेळी, प्रत्येक पेशंटचे डोळे बघायचे हा मॅडमचा नियम होता. दोघींचं एकमत झाल्याशिवाय जाणारीनं घरी जायचं नाही. माझी मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी असायची आणि मी इथे बाहुली तीन मिलिमीटर का साडेतीन यावर भांडत असायची. कितीदा शिव्या दिल्या असतील त्या नियमाला, मनातल्या मनात.

आता त्यांचं खरं काम सांगते. बेशुद्ध पेशंटच्या डोक्यात दाब किती आहे, हे मोजायची पक्की रीत म्हणजे कवटीला लहानसं भोक पाडून आत एक बारीक तार सोडायची. ती तार बाहेरच्या मशीनवर आकडा दाखवते. खात्रीचं काम आहे, पण भोक ते भोकच. रक्तस्राव होऊ शकतो, जंतू जाऊ शकतात. शिवाय प्रत्येकाला ती तार लागतेच असंही नाही. मॅडमचं म्हणणं, भोक पाडायच्या आधी डोळ्यात बघा. बाहुली तर बघाच, पण डोळ्याच्या मागेही बघा. मिटल्या पापणीवर सोनोग्राफीचा दांडा अलगद टेकवला की मागची नस दिसते. नातेवाइकांना त्या समजावायच्या, "डोळ्यामागची नस म्हणजे मेंदूचीच शेपटी हाय. तिच्यावर उशीवर असते तशी खोळ असते. मेंदू सुजला का आतलं पाणी त्या खोळीत चढते, आन् खोळ फुगते. आपण ते फुगणं मोजतो. आकडा नाही सांगत ते, पण दाब चढून राहिला का उतरून राहिला, हे सांगते."

सोनोग्राफीचं मशीन आयसीयूत आणणं सोपं नव्हतं. आपल्याकडे त्या मशीनचे कायदे कडक, आणि असायलाच पाहिजेत. नोंदणी, अर्ज, तपासणी, पुन्हा अर्ज. मॅडमनी फाईल काखेत मारून किती चकरा मारल्या असतील. शेवटी मशीन आलं आणि त्याच्यासोबत भिंतीवर तो बोर्डही आला, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही'. आमच्याकडे पेशंट कोण, तर मोटरसायकलवरून पडलेले दाढीमिशीवाले बाप्ये. एका म्हाताऱ्या नातेवाइकानं विचारलं, "मॅडम, डोक्याच्या वार्डात हा बोर्ड कायले?" मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "डोक्यातलाच रोग हाय ना तो." म्हातारा पाच मिनिटं त्या बोर्डाकडे बघत बसला.

नवीन डॉक्टर आला की त्याला त्या आधी पलंगावर आडवा करायच्या. "पेशंटचा डोळा मागाच्या आधी आपला दे." पापणीवर पारदर्शक पट्टी, वर थंडगार जेली, आणि दुसऱ्या नवीन डॉक्टरच्या हातात दांडा. जरा जोरात दाबला की खालचा ओरडायचा. मॅडम म्हणायच्या, "ओरडला ना? पेशंट ओरडत नाही, म्हणून आधी एकमेकांवर शिकून घ्या." मलाही झोपवलं होतं. खरं सांगते, त्या दिवसानंतर कोणाच्या पापणीला हात लावताना माझा हात आपोआप हलका व्हायला लागला.

पेशंटशी त्या बोलायच्या. बेशुद्ध असला तरी. "भाऊ, डोळ्यावर थंड लागन, घाबरू नका." "काकाजी, जरा तिकडे मान करते तुमची." जेली आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायच्या, थंडी मोडली की मग लावायच्या. नवीन पोरं एकमेकांना डोळे मारायची. मारू द्या. पलीकडच्या पलंगावरच्या माणसाची बायको काचेतून ते बघत असायची, आणि तिच्या जिवाला त्यानं किती बरं वाटायचं ते मी बघितलंय.

आमचे सर्जन देशकर सर. हात सोन्यासारखा, पण धीर कमी. ते म्हणायचे, "मॅडम, मला आकडा द्या. डोळ्यामागच्या सावलीवर मी निर्णय कसा घेऊ?" मॅडम म्हणायच्या, "सर, मी तुम्हाले निर्णय नाही देऊन राहिली. दार उघडाच्या आधी खिडकीतून पाहू द्या म्हणते." दोघं भांडायचे, आणि चहा मात्र एकाच टेबलवर प्यायचे. मला सुरुवातीला वाटायचं, मॅडमना सर्जन लोकांचा राग आहे. तो गैरसमज एका आजोबांमुळे गेला.

सावनेरकडचे आजोबा, मोपेडवरून पडलेले. दोन दिवस मॅडमनी डोळ्यामागची खोळ मोजली, दोन्ही दिवस व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटावर उभ्या राहून बराच वेळ त्या आजोबांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग देशकर सरांना म्हणाल्या, "सर, तार टाका."

"पण तुमचं मशीन तर ठीक म्हणतंय!"

"मशीन ठीक म्हणते, आजोबा नाही म्हणून राहिले. काल हे उजव्या हातानं चादर ओढत होते. आज हात पडून हाय."

तार टाकली. दाब चांगलाच चढलेला निघाला. वेळेवर औषधं झाली, आजोबा काठी टेकत घरी गेले. त्या दुपारी मॅडमनी आपल्या कपाटातून एक निळी वही काढली आणि त्यात ही केस लिहिली. मी डोकावून बघितलं. डोळ्यानं जिथे जिथे चुकीचं सांगितलं, त्याच केसेस त्या वहीत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, बरोबर आलेल्या कुठे लिहिता?" म्हणाल्या, "त्या कायले लिहायच्या? त्या तर घरी गेल्या."

आणि आता रेखाताईंची गोष्ट. ही मला सांगायलाच हवी, कारण त्यात मी आहे.

रेखा बारापात्रे, वय चौतीस, शाळेत गणित शिकवायच्या. यजमान अनिलभाऊ, इतवारीत भांड्यांचं दुकान. सकाळी शाळेत जाताना गल्लीतून वळणाऱ्या हातठेल्याला त्यांची स्कूटर धडकली, ठेल्याचा दांडा उजव्या गालावर बसला आणि त्या मागच्या मागे एका दुकानाच्या ओट्यावर आपटल्या. हेल्मेट डिकीत. गल्ली ओलांडली की घालणार होत्या म्हणे. मागून आपटल्यानं मेंदू आतल्या आत पुढे आदळला, म्हणून त्याला समोरच्या बाजूला दोन्हीकडे मुका मार, उजवा गाल सुजून टम्म, वर टाके. हाक मारली की डोळे किलकिले करायच्या, हात दाबायच्या, एखादा शब्द बोलायच्या आणि परत झोपेत जायच्या.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. रेखाताईंच्या हृदयात तरुणपणीच धातूची झडप बसवलेली होती. वार्डात शांतता असली की तिची टिकटिक ऐकू यायची, उशाखाली घड्याळ ठेवल्यासारखी. त्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आता डोक्यात मार लागलेला, म्हणून आल्याआल्या रक्त घट्ट करायची इंजेक्शनं द्यावी लागली. पण तसंच ठेवलं तर झडपेवर गाठ धरणार. म्हणजे रक्त पातळ केलं तर डोकं, नाही केलं तर हृदय. अशा बाईच्या कवटीला भोक पाडायचं म्हणजे किती जोखीम, हे देशकर सरांनाही कळत होतं. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. तुमच्या खिडकीतून बघा. पण जरासं जरी बदललं तर मी थांबणार नाही."

"थांबूच नका," मॅडम म्हणाल्या.

अनिलभाऊंना मॅडमनी ती खोळ समजावून सांगितली. माणूस सरळ. थोडा विचार करून म्हणाला, "समजलं मॅडम. आम्ही पण गंज-पातेलं फुटकं हाय का ते फोडून नाही पाहत. वाजवून पाहतो." मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला मूठभर फुटाणे दिले. पुढचे पाच दिवस दर चार तासांनी रेखाताईंचे डोळे मोजले जायचे. दिवसा मॅडम स्वतः, बाकी वेळी त्यांनी शिकवलेली पोरं. खोळ जराशी फुगली, तिथेच थांबली, मग हळूहळू उतरायला लागली. सहाव्या दिवशी सकाळी सीटी स्कॅनही ठीक आला, तेव्हा मॅडम आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन अगदी थोड्या मात्रेत सुरू करायचं. देशकर सरांना ते घाईचं वाटत होतं, तसं ते बोललेही.

त्याच दुपारी दोन वाजता मी रेखाताईंना वाफ दिली. त्यांना लहानपणापासून दमा, छातीत सूं सूं वाजत होतं, म्हणून मास्कमधून औषधाची वाफ. गाल सुजलेला, त्यामुळे मास्क उजव्या बाजूनं नीट बसेना. मी हातानं धरून उभी होते. तेवढ्यात बाजूच्या पलंगाचा अलार्म वाजला. मी मास्कचा इलास्टिक पट्टा कानामागे अडकवला आणि तिकडे पळाले. परत आले तर वाफ संपलेली. मास्क काढून ठेवला, चार्टवर लिहिलं, 'वाफ दिली'.

तीन वाजता ड्युटी बदलली. येणारी सिस्टर आणि मी टॉर्च घेऊन रेखाताईंपाशी आलो. डावी बाहुली, तीन. उजवी पापणी उचलली. बाहुली एवढी मोठी, की बुबुळ दिसेना. प्रकाश टाकला, ढिम्म. पुन्हा टाकला. ढिम्म. हाक मारली, तर शब्द नाही. झटके येऊ नयेत म्हणून दुपारी औषध दिलं होतं, त्यानं झोप येते, पण त्या क्षणी ते आठवतंय कोणाला!

देशकर सर धावत आले. टॉर्च मारला आणि म्हणाले, "सकाळी रक्त पातळ केलं आणि दुपारी फुटलं. मी सांगत होतो. थिएटर तयार करा, कवटीचं हाड काढावं लागेल. नातेवाईक कुठे आहेत?" सूज उतरवायची बाटली लागली, रक्त पातळ करणारं इंजेक्शन बंद झालं. अनिलभाऊंना आत आणलं, हातात कागद दिला. सर त्याला स्पष्ट म्हणाले, "रक्त पातळ आहे. टेबलावर काहीही होऊ शकतं. पण थांबलो तर नक्कीच जीव जाईल." तो माणूस पेन धरून उभा राहिला. सही कुठे करायची तेच त्याला दिसेना.

तेवढ्यात मॅडम आल्या. पाट सरकवला, चढल्या. कोणाकडे बघितलं नाही, कोणाला काही विचारलं नाही. तळहातावर जेली घेतली आणि म्हणाल्या, "रेखाबाई, मी हाय. माझा हात दाबा." रेखाताईंनी दाबला. "आता हा." तोही दाबला. मग त्यांनी एक एक करून दोन्ही डोळ्यांवर दांडा टेकवला. मोजलं. पुन्हा मोजलं. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "सर, खोळ सकाळइतकीच हाय. दोन्हीकडे."

"आणि मशीन चुकत असेल तर?"

"चुकते ना. वही भरून चुकलं हाय. म्हणून एकट्या मशीनवर नाही सांगत. पण हे पाहा, हात दोन्ही चालून राहिले. खोळ तेवढीच. वेगळी फक्त बाहुली. मेंदू दाबला असता तर हे सगळं सोबत बिघडलं असतं. मग बिघडलं ते मेंदूचं नाही, बाहुलीचंच बिघडलं." आणि मग त्या आमच्याकडे वळल्या. "मागच्या दोन तासांत ह्या डोळ्याजवळ काय गेलं?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. वाफेच्या औषधात दोन औषधं असतात. त्यातलं एक डोळ्यात गेलं की बाहुली मोठी करतं, हे आम्ही सगळ्यांनी कधीतरी शिकलेलं. चार्टवर फक्त 'वाफ दिली' होतं. मास्क उघडा राहिला हे जगात मला एकटीला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, आधी नोकरी डोळ्यांसमोर आली, मुलीची फी आली, ह्या सगळ्या लोकांसमोर होणारी शोभा आली. पण समोर अनिलभाऊ पेन धरून उभा होता.

"वाफ गेली," मी म्हटलं. "मी दिली. मास्क उजवीकडून उघडा होता. मी सोडून दुसऱ्या पलंगाकडे गेले होते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, एवढंच. देशकर सरांना म्हणाल्या, "थिएटर तयारच राहू द्या. पण जाता जाता सीटी करून जाऊ. मी सोबत येते. आत नवीन रक्त दिसलं तर मी एक शब्द नाही बोलणार."

सरांनी रेखाताईंच्या हाताकडे बघितलं. तो हात अजूनही मॅडमचं बोट धरून होता. "चला," ते म्हणाले.

सीटीच्या खोलीबाहेर मी आणि अनिलभाऊ उभे. माझी ड्युटी कधीच संपली होती. मी देवाचं नाव घेत होते की स्वतःला शिव्या देत होते, मला आठवत नाही. दार उघडलं आणि देशकर सर बाहेर आले. "काही नवीन नाही," ते म्हणाले. "सकाळसारखंच आहे." मग अनिलभाऊच्या हातातला तो कागद त्यांनी घेतला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. अनिलभाऊ तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लाज कशाची?

उजवी बाहुली दुसऱ्या दिवशी सकाळी आपली आपण लहान झाली. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं.

मला वाटलं होतं, मॅडम पाठीवर हात ठेवतील, खरं बोललीस म्हणतील. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवून चांगलं अर्धा तास झापलं. "अलार्म वाजला तर दुसरीले हाक मारायची. मास्क सोडून जायचं नाही. बाई मेली असती, वं! टेबलावर मेली असती, आन् आपण म्हटलं असतं, मेंदूत रक्त झालं." मी खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी ती निळी वही काढली. मला वाटलं, आता माझं नाव. त्यांनी लिहिलं ते मी उलटं वाचलं. पहिली ओळ त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. गाल सुजलेला दिसत असताना हेच औषध मास्कनं द्यायला मी लिहून दिलं, डोळा झाकायला सांगितलं नाही, असं. दुसऱ्या ओळीत माझी चूक.

त्या दिवसापासून आमच्याकडे वाफ देताना डोळ्यांवर ओली पट्टी ठेवतात. आणि नवीन सिस्टर आली की ही गोष्ट तिला मीच सांगायची, नावासकट, असा मॅडमचा हुकूम झाला. पहिल्या वेळी जड गेलं. पुढे बिनधास्त सांगायला लागले. देशकर सरांनी मात्र त्यानंतर एक केलं. बाहुली मोठी असा फोन गेला की ते पहिल्यांदा विचारायचे, "वाफ दिली होती का?" आणि दुसरं, "खोळ किती?"

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि भंडाऱ्याला गेल्या. तिथल्या एका लहान हॉस्पिटलात मेंदूचा सर्जन नाही. पेशंटला नागपूरला पळवायचं की तिथेच ठेवायचं, हाच तिथला रोजचा प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "तिथं खिडकीची जास्त गरज हाय." फोनवर बोलतो आम्ही, पण नागपूरला यायला त्यांना वेळ कुठला! मी त्यांना शेवटचं डोळ्यांनी बघितलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात.

दुपारची ओपीडी होती. मॅडम आणि मी जिन्यापाशी बोलत उभ्या होतो आणि समोरून अनिलभाऊ आला, सोबत रेखाताई. अंगानं भरलेल्या, इस्त्रीची साडी, पाठीवर लांब वेणी, मधोमध सरळ भांग. डोक्याला कुठे व्रण नाही, खूण नाही. शाळेत परत जायला लागल्या होत्या. मधले ते दिवस त्यांना काडीचेही आठवत नव्हते.

अनिलभाऊ पुढे झाला. "ह्याच," एवढंच म्हणाला. "ह्याच मॅडम."

रेखाताईंनी नमस्कार केला. मॅडमकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हे सांगत होते, तुम्ही रोज माझे डोळे तपासत होत्या म्हणून."

"हाव. तपासले ना."

"मग बरं झालं भेटल्या. माझा चष्म्याचा नंबर वाढला काय हो? मागच्या बाकावरच्या पोरींच्या वह्या मले आजकाल नीट दिसत नाही."

अनिलभाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, काय विचारून राहिली तू! ह्यांनी तुले..." मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं. चेहरा अगदी गंभीर.

"नंबराचं मले नाही समजत बाई," त्या म्हणाल्या. "इथून पुढं गेलं का चष्म्याचं दुकान हाय. तिथं दाखवून घ्या."

रेखाताईंची जरा निराशाच झाली. माझ्याकडे झुकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण वर्गात शिकवणाऱ्या बाईचा हळू आवाज तो, सगळ्या ओपीडीला ऐकू गेला, "सिस्टर, एवढ्या मोठ्या डॉक्टर म्हणता, आन् साधा नंबर नाही सांगता येत?"

मॅडमनी ते ऐकलं. इतक्या हसल्या की जिन्याचा कठडा धरावा लागला त्यांना. "बराबर बोलली!" म्हणाल्या, आणि हसत हसतच वर गेल्या. वर नवीन पेशंट आला होता. मी डोळे पुसत होते. अनिलभाऊ रिकाम्या जिन्याकडे बघत तसाच हात जोडून उभा होता, आणि रेखाताई त्याची बाही ओढत होत्या, "अजी, चला ना. दुकान बंद होईन."